मिनिमम चार माणसं अलाउड, म्हणजे नक्की किती?

तारकर्ली-देवबागच्या पट्ट्यात फिरताना बोर्ड वाचायची मला खोडच आहे, आणि त्यातला माझा सगळ्यात लाडका बोर्ड म्हणजे डॉल्फिन दाखवायला नेणाऱ्या एका होडीवरचा, 'मिनिमम फोर पर्सन्स अलाउड'. होडीवाल्याला काय म्हणायचंय ते सगळ्यांना कळतं, चार डोकी जमल्याशिवाय होडी सुटणार नाही कारण डिझेल परवडत नाही. पण वाक्य तसं म्हणत नाहीये. 'अलाउड' म्हटलं की इंग्रजी माणूस वरची हद्द ऐकायच्या तयारीत बसतो, म्हणजे किती जणांपर्यंत चालेल ते, आणि 'मिनिमम' खालची हद्द सांगतो, म्हणजे एक बैल घराकडे ओढतोय आणि दुसरा शेताकडे. 'मिनिमम फोर पर्सन्स रिक्वायर्ड' लिहिलं असतं तर सरळ होतं.

मी कुडाळात इंग्रजी बोलायचे क्लास घेते. मोडल व्हर्ब्सचा धडा सगळीकडे शिकवतात, कॅन म्हणजे शकणे, मे म्हणजे परवानगी, मस्ट म्हणजे पाहिजेच. कम्पॅरिझनचा धडा वेगळा असतो, मोर, लेस, फ्युअर, ॲट लीस्ट, ॲट मोस्ट वगैरे. दोन्ही धडे पोरांना सुटे सुटे व्यवस्थित येतात आणि दोन्ही एका वाक्यात आले की तीच पोरं माझ्या तोंडाकडे बघत बसतात. आणि मजा म्हणजे आपल्याला जिथे जिथे इंग्रजी खरोखर लागतं तिथे हे दोघं जोडीनेच येतात, टेंडरमध्ये, बुकिंगच्या नियमांत, बँकेच्या फॉर्मवर, औषधाच्या पाकिटावर. व्याकरणाच्या पुस्तकात मात्र त्यांची गाठ कोणी घालून देत नाही, म्हणून म्हटलं एकदा सगळं लिहूनच काढू.

आधी एक साधी गोष्ट बघा, ज्यात मोर-लेस काहीच नाही, फक्त आकडा आहे. 'यू मस्ट गेट थर्टीफाइव्ह मार्क्स टू पास.' दहावीला ३५ ला पास हे आपल्या रक्तातच आहे, त्यामुळे कोणी विचारत नाही की ३६ पडले तर नापास का. इथे ३५ म्हणजे निदान ३५. आता 'यू मे टेक टू मोदक्स.' इथे तीन उचलले तर आजी हातावर फटका देणार, आणि एकच घेतला तर कोणी विचारणारही नाही. इथे दोन म्हणजे जास्तीत जास्त दोन. आकड्याने स्वतः काहीच सांगितलेलं नाही, खालची हद्द की वरची हद्द हे मस्टने आणि मेने ठरवलं. मस्ट, हॅव टू, नीड टू, रिक्वायर्ड ही मंडळी आकड्याला जमीन करतात, आणि मे, कॅन, अलाउड ही मंडळी त्याच आकड्याला छप्पर करतात. दर वेळी असंच होतं असं नाही, बोलणाऱ्याचा संदर्भ मध्ये येतोच, पण दहातल्या नऊ बोर्डांना हे लागू पडेल. होडीवाल्याचं नेमकं इथेच फसलं, त्याला जमीन हवी होती आणि त्याने छपराचा शब्द उचलला.

आता यात 'नॉट' घाला, मग खरी गंमत सुरू होते.

देवगडचे एक ओळखीचे बागायतदार काका आहेत, हापूसचे. त्यांना सीझनमध्ये बाहेरच्या एका खरेदीदाराचा मेल आला, 'यू नीड नॉट सेंड मोर दॅन फिफ्टी बॉक्सेस'. काकांकडे सत्तर पेट्या भरून तयार होत्या. त्यांचा फोन आला, "गे, म्हणजे सत्तर धाडू की नको?" मुलाने त्यांना सांगितलं होतं की पन्नासच्या वर पाठवायला बंदी आहे. बंदी नव्हती. बंदी असती तर 'यू मस्ट नॉट सेंड मोर दॅन फिफ्टी' लिहिलं असतं. नीड नॉटचा अर्थ एवढाच की पन्नासवर भागतंय, त्याच्या वर पाठवायचं बंधन तुमच्यावर नाही. जास्तीच्या वीस पेट्या तो घेईल का आणि घेतल्या तर त्याच भावाने घेईल का, हे त्या वाक्यात कुठेच नाही, ते फोन करून विचारायला लागतं आणि काकांनी विचारलंही.

बघा ना, 'मोर दॅन फिफ्टी' दोन्हीकडे अक्षरशः तेच आहे. फरक पडतोय तो नॉट कुणाला चिकटला त्याने. मस्ट नॉटमध्ये नॉट पुढे सरकतो आणि पाठवण्याला जाऊन चिकटतो, म्हणजे 'न पाठवणं' सक्तीचं. नीड नॉटमध्ये तो नीडलाच गिळतो, सक्तीच उरत नाही. कान्टमध्ये अजून तिसरंच, तिथे नॉट परवानगीला गिळतो, परवानगी नाही म्हणजे बंदी, त्यामुळे 'यू कान्ट सेंड मोर दॅन फिफ्टी' फिरून मस्ट नॉटच्याच दारात येऊन उभं राहतं. मस्ट आणि नीड होकारात जवळजवळ सख्खी भावंडं, आणि नकारात एकमेकांशी बोलत नाहीत.

मराठीत आपण हे कधी चुकत नाही. 'पन्नासपेक्षा जास्त पाठवू नयेत' आणि 'पन्नासपेक्षा जास्त पाठवायची गरज नाही' यात गोंधळ करणारा माणूस मी अजून बघितला नाही. इंग्रजीत चुकतं कारण शाळेत मस्ट म्हणजे पाहिजे असं एकास एक पाठ केलेलं असतं, मग मस्ट नॉट म्हणजे 'पाहिजे असं नाही' असं डोकं आपोआप लावतं. म्हणून मी क्लासमध्ये आधी हॅव टू शिकवते आणि त्याला 'लागतं' म्हणते. डोन्ट हॅव टू म्हणजे लागत नाही, नीड नॉट म्हणजेही लागत नाही, आणि मस्ट नॉट म्हणजे खबरदार. गणपतीला येणाऱ्या चाकरमान्यांचं उदाहरण चांगलं चालतं. रेल्वेच्या एका रिझर्वेशन फॉर्मवर सहापेक्षा जास्त प्रवासी लिहिता येत नाहीत, हे कान्ट मोर दॅन सिक्स. घरातली माणसं चारच असतील तर सहा भरायची गरज नाही, हे डोन्ट हॅव टू. दोन्ही वाक्यं एकदा कोकण रेल्वेच्या तिकिटाशी जोडली की पोरं विसरत नाहीत, कारण गणपतीचं तिकीट हा आमच्याकडे भावनिक विषय आहे.

हे सगळं सगळ्यात काटेकोर वापरलेलं बघायचं असेल तर आपली राज्यघटना उघडा, इंग्रजीतली. तिथे 'ॲट लीस्ट'पेक्षा 'शॅल नॉट बी लेस दॅन' ही ढब लाडकी आहे (शॅल म्हणजे कायद्याच्या भाषेतला मस्ट) आणि कमाल सांगायला 'शॅल नॉट एक्सीड'. मतदानाचा हक्क देणारं ३२६ वं कलम वयाबद्दल 'नॉट लेस दॅन एटीन' म्हणतं (पूर्वी ते २१ होतं, ६१ व्या घटनादुरुस्तीने १८ झालं), 'मोर दॅन एटीन' म्हणत नाही. मोर दॅनमध्ये खुद्द तो आकडा बसत नाही, नॉट लेस दॅनमध्ये बसतो. नुकतीच १८ पूर्ण झालेली पोरगी नॉट लेस दॅनने आत येते, मोर दॅनने तिला दाराबाहेर उभं राहावं लागलं असतं किंवा निदान वाद तरी झाला असता.

पण माझं खरं आवडतं उदाहरण आमच्या शेजारच्या गोव्याचं आहे. २००३ च्या ९१ व्या घटनादुरुस्तीने मंत्र्यांच्या संख्येला लगाम घातला. १६४ व्या कलमात आलं की राज्यातल्या मंत्र्यांची संख्या, मुख्यमंत्री धरून, विधानसभेच्या एकूण सदस्यांच्या १५ टक्क्यांपेक्षा जास्त होता कामा नये. शॅल नॉट एक्सीड, छप्पर. महाराष्ट्रात २८८ आमदार, त्याचे १५ टक्के ४३.२, म्हणजे ४३ मंत्री, विषय संपला. गोव्यात आमदार ४०. त्याचे १५ टक्के सहा! सहा जणांत राज्य चालवायचं म्हणजे प्रत्येकाकडे सात-आठ खाती. म्हणून त्याच कलमाला पुढे एक शेपूट जोडलंय, की मंत्र्यांची संख्या बारापेक्षा कमी होता कामा नये. शॅल नॉट बी लेस दॅन ट्वेल्व, जमीन. आता छप्पर सहावर आणि जमीन बारावर, घर उलटंच झालं की! पण ते शेपूट इंग्रजीत 'प्रोव्हायडेड दॅट' म्हणून सुरू होतं, म्हणजे आधीच्या नियमाला अपवाद, त्यामुळे छोट्या राज्यांत बारा जिंकतो आणि गोव्यात मुख्यमंत्री धरून बारा मंत्री असतात. दोन्ही वाक्यांत शॅल नॉटच आहे हं. एकापुढे एक्सीड आलं, एकापुढे लेस आलं, आणि एवढ्यावर गोव्यातल्या किती पुढाऱ्यांची सोय-गैरसोय ठरली.

हौस असेल त्यांनी १७० वं कलमही बघा, विधानसभेत ५०० पेक्षा जास्त नाहीत आणि ६० पेक्षा कमी नाहीत असे सदस्य, आणि मग गोव्यासाठी ३७१-आय मध्ये वेगळी सूट की ३० पेक्षा कमी नसावेत. सगळा खेळ याच दोन-तीन शब्दांचा.

आता 'ॲट लीस्ट' आणि 'ॲट मोस्ट'कडे येऊ, कारण हे वरवर गरीब दिसतात आणि आतून फार खोडकर आहेत.

शाळेतल्या गणिताच्या हिशेबाने 'ॲट लीस्ट थ्री' आणि 'मोर दॅन टू' एकच, माणसं मोजत असलो तर. अडीच माणसं येत नाहीत. पण भाषेत ते एकसारखे वागत नाहीत. २००७ साली बार्ट ग्युर्ट्स आणि रिक नावेन या दोन भाषाशास्त्रज्ञांनी याच्यावर एक गाजलेला निबंध लिहिला आणि म्हटलं की ॲट लीस्ट, ॲट मोस्टच्या पोटातच एक मोडल लपलेला असतो. 'ॲट लीस्ट थ्री' म्हणजे तीन तर नक्की, आणि कदाचित जास्तही असू शकतील. त्यातलं 'नक्की' आणि 'असू शकतील' हे दोन्ही मोडलच झाले. डॅनिएल ब्युरिंग या दुसऱ्या अभ्यासकाने वर्षभरात वेगळं उत्तर दिलं, की ॲट लीस्ट थ्री म्हणजे 'बरोब्बर तीन किंवा तीनपेक्षा जास्त', आणि जो माणूस 'किंवा' म्हणतो त्याला नेमकं कुठलं ते माहीत नाही असं आपण धरून चालतो. मला दुसरं उत्तर जास्त पटतं, सुटसुटीत आहे. पण दोघांचं निरीक्षण एकच आणि ते मराठीतही शंभर टक्के लागू पडतं.

बघा. सिंधुदुर्गात आठ तालुके आहेत. मी म्हटलं, 'सिंधुदुर्गात दहापेक्षा कमी तालुके आहेत', तर ठीक, कोणाला तरी तुलनेसाठी सांगत असेन. पण मी म्हटलं, 'सिंधुदुर्गात जास्तीत जास्त दहा तालुके आहेत', तर तुम्ही म्हणाल बाईंना आपल्याच जिल्ह्याचे तालुके माहीत नाहीत. दोन्ही वाक्यं खरी आहेत आणि दुसऱ्याने माझी अब्रू गेली. नावेनने २०१० मध्ये या दोन जातींची नीट विभागणी केली, एका बाजूला मोर दॅन, फ्युअर दॅन, आणि दुसऱ्या बाजूला ॲट मोस्ट, मॅक्झिमम, अपटू वगैरे. त्याचं उदाहरण षटकोनाचं होतं, षटकोनाला अकरापेक्षा कमी बाजू असतात हे बरं वाटतं पण जास्तीत जास्त दहा बाजू असतात हे खुळ्यासारखं.

आणि आता त्याच वाक्यात मोडल टाका. 'एका जिल्ह्यात जास्तीत जास्त दहा तालुके असू शकतात' (समजा असा नियम असला तर). लगेच अब्रू परत! आता मला काही माहीत नाही असा वास येत नाही, एक मर्यादा सांगितली असं वाटतं. म्हणजे कॅन, मे, मस्ट नुसते आकड्याची दिशा ठरवत नाहीत, ते ॲट मोस्टचा संशयही काढून टाकतात. तो 'असेल किंवा नसेल' वाला डळमळीतपणा नियमात मुरतो, दहाही चालतील, आठही चालतील, अकरा नको.

तरी संशय पूर्ण जात नाही कधी कधी. 'यू मस्ट ब्रिंग ॲट लीस्ट टू फोटोज' हे कचेरीतल्या खिडकीमागच्या माणसाने म्हटलं तर तो नियम, दोन आण, तीन आणलेस तर तुझी मर्जी. तेच वाक्य रांगेत मागे उभ्या असलेल्या माणसाने म्हटलं तर? 'दोन तरी लागतातच बाबा, माझ्याकडून दोन घेतले होते, कदाचित चार मागतील.' आता मस्ट नियमाचा आहे आणि ॲट लीस्ट त्या माणसाच्या अर्धवट माहितीचा. शब्द तेच, क्रमही तोच, फक्त बोलणारा खिडकीच्या कुठल्या बाजूला आहे तेवढा फरक. मराठीत 'निदान दोन फोटो लागतील' चं पण हेच होतं, आणि म्हणून रांगेतल्या माणसाचं ऐकून नेहमी चार फोटो घेऊन जावं.

दुसरी एक जागा जिथे पोरं अडकतात ती म्हणजे दॅनच्या मागे मोडल आला की. तीन वाक्यं घ्या. 'ही एट मोर दॅन ही शुड.' 'ही पेड मोर दॅन ही हॅड टू.' 'ही कॅरीड मोर दॅन ही कुड.' पहिल्यात वरची हद्द ओलांडली, सुरमईची दुसरी थाळी मागवली आणि संध्याकाळी इनो शोधत फिरला. दुसऱ्यात खालची हद्द ओलांडली, द्यायला पाचशे लागत होते आणि सातशे देऊन आला, पर्यटक असेल. तिसरं गंडलेलं आहे, उचलता येतं त्यापेक्षा जास्त उचललं हे कसं शक्य आहे, आणि असं वाक्य कोणी बोललं तर आपण त्याचा अर्थ 'झेपतं त्यापेक्षा जास्त' असा मऊ करून घेतो. इथे पण तोच नियम, दॅनच्या मागे कॅन-मे किंवा वरच्यासारखा शुड आला तर तुलना छपराशी, हॅव टू-नीड आला तर तुलना जमिनीशी. आणि 'मोर दॅन ही शुडन्ट' असं मात्र होत नाही. बोलून बघा, जीभच अडते. कारण सोपं आहे, खाऊ नये अशा प्रमाणाला वर टोकच नाही, पाच चपात्या खाऊ नयेत तर सहाही खाऊ नयेत आणि साठही, मग त्याच्या 'पेक्षा जास्त' म्हणायचं तरी कशाच्या?

हे मोरचं झालं. लेस लावला की अजून घोळ. 'ही वॉज ड्रायव्हिंग लेस फास्ट दॅन इज अलाउड.' मुंबई-गोवा हायवेला हे वाक्य टाकलं तर अर्थ एकच, मर्यादेच्या आत चालवत होता, गुणी माणूस. (खड्डे असतील तर गुणाची गरजच नाही.) पण समजा असा एक्स्प्रेसवे आहे जिथे कमीत कमी वेगाचीही अट आहे. तिथे हेच वाक्य आरोप होऊ शकतं, परवानगी आहे त्याहूनही हळू चालवत होता. होट्झे रुलमन नावाच्या अभ्यासकाने १९९५ च्या आपल्या प्रबंधात हे दाखवलं, हेलिकॉप्टर आणि विमानाचं उदाहरण घेऊन, विमान जितकं उंच उडू शकतं त्यापेक्षा कमी उंच हेलिकॉप्टर उडत होतं, म्हणजे विमानाच्या कमाल उंचीच्या खाली की किमान उंचीच्या खाली? दोन्ही अर्थ निघतात. आणि मोर घातला की दुसरा अर्थ गायब. पुढे आयरीन हाइमने २००० साली याच्यावर सिद्धांत बांधला, की लेस आणि मोडल यांच्यात कोण कोणाच्या वर बसतो त्यावर अर्थ बदलतो. त्याची सूत्रं मी इथे उतरवत नाही, माझ्या क्लासच्या पोरांनी ती बघितली तर फी परत मागतील.

व्यवहारात एवढं बघा की करारात 'लेस दॅन अलाउड', 'लेस दॅन रिक्वायर्ड' असं तुटक काही दिसलं तर तिथे सरळ आकडा लिहून घ्या.

आता जेटीवर चला. मालवणच्या बंदरात, ३१ जुलैला मासेमारीची बंदी संपते त्याच्या आसपास, कोणी पाहुणा म्हणतो, 'देअर मस्ट बी मोर दॅन हंड्रेड बोट्स हिअर.' हा मस्ट नियमाचा नाही. शंभराच्या वर होड्या असल्याच पाहिजेत असं कोणी फर्मान काढलेलं नाही, तो नुसता अंदाज बांधतोय, शंभराच्या वर असणार. मोडल्सचं हे दुसरं तोंड, नियमाचं एक आणि अंदाजाचं एक. आणि इथे वर सांगितलेली जोडी पार विस्कटते. नियमात 'मे नॉट बी मोर दॅन फिफ्टी' म्हणजे पन्नासच्या वर बंदी. अंदाजात 'देअर मे नॉट बी मोर दॅन फिफ्टी' म्हणजे कदाचित पन्नासच्या वर नसतीलही, असतीलही. बंदीची पक्की भिंत आणि अंदाजाचं धुकं एकाच शब्दात. म्हणून बोर्डावर, नोटिशीवर मे नॉट वापरूच नका असं माझं सरळ मत आहे, मस्ट नॉट लिहा. घटनाकारांनी शॅल धरला तो उगाच नाही.

काही शब्दांत तर तुलना आणि मोडल दोन्ही पोटात असतात आणि बाहेरून दिसत नाहीत. 'टू मेनी' (too many) म्हणजे काय? असायला हवेत त्यापेक्षा जास्त. 'इनफ' म्हणजे? लागतात तेवढे. 'टू हेवी टू लिफ्ट' म्हणजे उचलता येईल त्यापेक्षा जड. मोर दॅनही आला, कॅनही आला, आणि दोघांचं नाव कुठे नाही. पोरं टू आणि व्हेरी यांत गोंधळतात ना, 'धिस मँगो इज टू स्वीट' असं कौतुकाने म्हणतात, ते याचमुळे. टू मध्ये तक्रार असते, पाहिजे त्यापेक्षा जास्त गोड, खाववत नाही. हापूसबद्दल असं कोणी म्हटलं तर देवगडात त्याला जेवायला बोलवणार नाहीत.

हा लपलेला मोडल किती घात करतो ते बघायचं असेल तर मानसशास्त्रातलं एक प्रसिद्ध वाक्य आहे, वेसन आणि राइक यांनी १९७९ मध्ये त्याच्यावर लिहिलं होतं, 'नो हेड इन्ज्युरी इज टू ट्रिव्हियल टू बी इग्नोर्ड'. सगळे वाचतात की डोक्याची कुठलीही दुखापत, कितीही किरकोळ असो, दुर्लक्ष करू नका. आता सुटं करा. 'टू ट्रिव्हियल टू बी इग्नोर्ड' म्हणजे इतकी किरकोळ की तिच्याकडे दुर्लक्ष करता येत नाही. आणि 'नो' म्हणजे अशी एकही दुखापत नाही. म्हणजे प्रत्येक दुखापतीकडे दुर्लक्ष करता येतं! वाक्य बरोब्बर उलटं सांगतंय आणि तरी चांगले शिकलेले इंग्रज लोक ते पहिल्या फटक्यात बरोबर समजतात, किंवा चुकीचं समजतात, कसं म्हणायचं तेच कळत नाही. 'टू ट्रिव्हियल टू बी ट्रीटेड' म्हटलं असतं तर जुळलं असतं. नकार, तुलना आणि मोडल असे तिघं एका वाक्यात आले की डोकं हिशेब सोडून देतं आणि शहाणपणाला जे पटेल ते ऐकतं.

याचंच घरगुती रूप सत्काराच्या भाषणात ऐकू येतं. 'हिज कॉन्ट्रिब्यूशन कॅनॉट बी अंडरएस्टिमेटेड.' बोलणाऱ्याला म्हणायचंय योगदान फार मोठं. कॅनॉट म्हणजे अशक्य असं धरलं तर वाक्य म्हणतं, त्याचं योगदान कितीही कमी धरा, खऱ्यापेक्षा कमी धरणं शक्यच नाही, इतकं ते शून्य आहे. इथे ओव्हरएस्टिमेटेड हवं, कितीही जास्त धरा, जास्त होणारच नाही. पण कॅनॉटच्या जागी मस्ट नॉट टाका आणि अंडरएस्टिमेटेड एकदम बरोबर होतं, कमी लेखू नका. अशक्य म्हटलं तर ओव्हर, मना केलं तर अंडर. आणि कॅनॉट कधी अशक्यला येतो, कधी मनाईला, म्हणून इंग्रज माणूसही दोन्ही बोलतो आणि दोन्ही खपतात. माझं म्हणाल तर मी विद्यार्थ्यांना मस्ट नॉट बी अंडरएस्टिमेटेड एवढंच पाठ करायला लावते, सत्कारमूर्तीचा अपमान व्हायची भीती नको.

आणि या सगळ्या खानदानातला सगळ्यात फसवा मेंबर म्हणजे 'आय कुडन्ट अग्री मोर'. आमच्या वाडीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पाणंदीच्या दिव्यांसाठी वर्गणी काढायचा विषय चालला होता, एका काकांनी लांबलचक मेसेज टाकला, घरामागे किती आणि का, आणि मुंबईच्या त्यांच्या पुतण्याने खाली एवढंच लिहिलं, 'कुडन्ट अग्री मोर काका'. कुडन्ट दिसला, नकार दिसला, काकांनी लगेच उत्तर दिलं, "तुका नाय पटला तर सरळ सांग मरे, इंग्रजीत कशाक सांगतंस." मग पुतण्यानेच काकांना तिथे समजावलं, की पटण्याचं जेवढं म्हणून प्रमाण असू शकतं ते सगळं भरलंय, आता याच्या वर पटायला जागाच उरली नाही, म्हणजे पुरेपूर पटलंय. उलट्या टोकाला 'कुडन्ट केअर लेस' आहे, पर्वा इतकी शून्य की अजून कमी करता येत नाही. आणि अमेरिकेत तर बरेच जण 'कुड केअर लेस' म्हणतात, नॉट गाळून, आणि अर्थ तोच घेतात. हे मी अजून काकांना सांगितलेलं नाही. वर्गणी जमलीय, दिवे लागायचेत, उगाच कशाला.